हृदयाभोवतीचं पाणी काढताना: आधी प्रोब, मग सुई

आयसीयूत इकोचा प्रोब छातीवर ठेवला आणि पडद्यावर हृदय काळ्या डबक्यात लंबकासारखं झुलताना दिसलं, की नव्या रेसिडेंटचा हात आधी सुईकडे जातो. तो तिथेच थांबवायचा. पेरिकार्डिओसेंटेसिसमध्ये, म्हणजे हृदयाभोवतीचं पाणी सुईने काढताना, जे बिघडतं, ते बरेचदा सुई टोचण्याआधीच बिघडलेलं असतं. जागा चुकलेली असते, प्रोबचा कोन लक्षात ठेवलेला नसतो, रुग्णाला सपाट झोपवलेलं असतं. हा लेख एमडी-डीएनबी करणाऱ्या आणि जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी रात्री एकट्याने आयसीयू सांभाळणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. वाचून हात बसत नाही. सुरुवातीच्या केसेस अनुभवी माणूस शेजारी उभा असतानाच कराव्यात. पण तो माणूस नेमकं काय बघत असतो, हे आधीच ठाऊक असलं तर शिकणं लवकर होतं.

व्हिएन्नाच्या फ्रान्झ शू यांनी १८४० साली हे पाणी पहिल्यांदा टोचून काढलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सुई अंदाजानेच जात राहिली. झिफॉइडच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या) खालून टोचायचं, रोख डाव्या खांद्याकडे ठेवायचा, पुढे रुग्णाचं नशीब. मेयो क्लिनिकमध्ये १९७९ पासून इको बघून पाणी काढायला सुरुवात झाली आणि २००२ साली त्यांनी २१ वर्षांतल्या ११२७ प्रोसिजर्सचा हिशेब मांडला: यश ९७ टक्के, गंभीर गुंतागुंत १.२ टक्के. मला त्या हिशेबातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. बहुतेक रुग्णांत सगळ्यात चांगली जागा झिफॉइडखाली सापडली नव्हती. ती छातीच्या भिंतीवर, ॲपेक्सच्या (हृदयाच्या खालच्या टोकाच्या) आसपास होती. आपल्याकडे मात्र अजूनही बरेच जण सवयीने झिफॉइडखालीच सुरुवात करतात.

पाणी किती, त्यापेक्षा दाब किती

निरोगी माणसाच्या हृदयावरणात (पेरिकार्डियम) १५ ते ५० मिली द्रव असतोच. आवरण पखालीसारखं आहे. सावकाश भरलं तर ताणत जातं, एकदम भरलं तर ताणायला सवडच मिळत नाही. म्हणून चाकू लागलेल्या किंवा अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी फाटलेल्या रुग्णाला १५०-२०० मिली रक्तही जीवघेणं ठरतं, आणि टीबीचा किंवा थायरॉइड कमी झालेला रुग्ण लिटरभर पाणी घेऊन चालत ओपीडीत येतो. आपल्या भागात तरुण माणूस, महिनाभर बारीक ताप, वजन उतरलेलं आणि हृदयाभोवती पाणी असं चित्र दिसलं, तर टीबी यादीत वर ठेवावा. त्याखाली कॅन्सर (विशेषतः फुप्फुस आणि स्तनाचा), किडनी फेल्युअर, थायरॉइड, व्हायरल आणि हार्ट सर्जरीनंतरचं पाणी.

बीपी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या, हृदयाचे ठोके दबके हे बेक यांचं त्रिकूट परीक्षेत हमखास विचारतात. वॉर्डात तिन्ही एकत्र क्वचितच भेटतात. त्यापेक्षा हाताने फुगवायचा बीपीचा कफ घ्या. रुग्णाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्या, मुद्दाम खोल नको. कफ अगदी हळू सोडा. आधी आवाज फक्त श्वास सोडताना ऐकू येतील, तो आकडा लिहा. श्वास घेतानाही आवाज यायला लागतील तो दुसरा आकडा. फरक १० मिमीपेक्षा जास्त असला की पल्सस पॅराडॉक्सस. मशीनच्या कफवर हे कळत नाही.

इकोवर चार गोष्टी बघायच्या: उजवं एट्रियम आत दबतंय का, उजव्या व्हेंट्रिकलची भिंत डायस्टोलमध्ये (हृदय भरताना) आत येतेय का, मायट्रलचा फ्लो श्वासाबरोबर २५ टक्क्यांहून जास्त खालीवर होतोय का, आणि आयव्हीसी (हृदयाकडे रक्त आणणारी खालची मोठी शीर). आयव्हीसी २.१ सेंमीपेक्षा रुंद आणि श्वास घेतल्यावर निम्म्यानेही मिटत नसेल तर दाब वाढलेला आहे. ती छान मिटत असेल तर टॅम्पोनाडच्या (पाण्याच्या दाबाने हृदय नीट न भरण्याच्या) निदानाचा पुन्हा विचार करा, मात्र रुग्ण आधीच कोरडा पडलेला नाही ना हेही बघा. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये उजवी बाजू आतून ताठ असते, ती सहजासहजी दबत नाही. तिथे भिंत दबली नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

फसवणारी चित्रं दोन. पहिलं डाव्या फुप्फुसाबाहेरचं पाणी. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये उतरती एओर्टा शोधा. पेरिकार्डियमचं पाणी तिच्या आणि हृदयाच्या मध्ये घुसतं, प्लुराचं पाणी तिच्या मागे राहतं. दुसरं चरबी. ती बहुधा समोरच्याच बाजूला असते, दाणेदार दिसते आणि हृदयाबरोबर हलते. एका लठ्ठ मावशींना "पाणी आहे, काढा" अशी चिठ्ठी घेऊन आलेलं मी पाहिलंय. पाणी थेंबभरही नव्हतं.

कुठे सुई लावायची नाही

एओर्टा फाटून (टाइप ए डिसेक्शन) रक्त साचलं असेल तर रुग्ण सर्जनचा आहे. छातीला मार लागून साचलेल्या रक्ताचंही तसंच. बायपासनंतर मागच्या बाजूला गोठलेली गुठळी असेल तर सुईत काही येणार नाही. पाण्याचा थर डायस्टोलमध्ये १० मिमीपेक्षा कमी असला तर सुई आणि हृदय यांत अंतरच उरत नाही. २० मिमीच्या वर असला की काम सुखाचं. प्लेटलेट ५० हजारांखाली किंवा आयएनआर १.५ च्या वर असेल आणि वेळ हातात असेल, तर आधी ते सुधारा. रुग्ण डोळ्यांदेखत कोसळत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका.

तयारीच्या दहा मिनिटांत

पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, धाप लागलेली. हे बघून कोणीतरी लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊन मोकळं होतं. टॅम्पोनाडमध्ये हृदय जेवढं भरतंय तेवढ्यावरच बीपी टिकून आहे, लॅसिक्सने तेही जातं. बीपी कमी असेल तर २५० ते ५०० मिली सलाइन द्या, त्याने सोय होईपर्यंतचा वेळ मिळतो. इंट्युबेशन शक्य तितकं टाळा. भूल आणि व्हेंटिलेटरचा दाब एकत्र आले की कार्डिॲक अरेस्ट टेबलावरच होऊ शकतो. टाळता येतच नसेल तर छाती आधी स्वच्छ करून, सुई हाताशी ठेवूनच ट्यूब टाका.

नातेवाइकांशी बोलणं कन्सेंटच्या सहीपुरतं उरकू नका. आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, सुई हृदयाला तर लागणार नाही ना?" आणि "एकदा पाणी काढलं की परत परत भरतं म्हणतात, खरं का?" पहिल्याला खरं उत्तर द्या: लागू शकते, म्हणूनच मशीनवर बघून करतोय. दुसऱ्याला सांगा की पाणी काढल्यामुळे भरत नाही, ज्या आजाराने झालंय तो आटोक्यात आला नाही तर भरतं. या एका वाक्याने पुढच्या चार दिवसांतला मनस्ताप वाचतो.

रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश वर. ॲपेक्सकडून जायचं असेल तर किंचित डाव्या कुशीवर. पाणी खाली आणि पुढे येतं, शिवाय धाप लागलेल्या माणसाला सपाट झोपवणं क्रूरच आहे. मॉनिटर, ऑक्सिजन, चालू असलेली आयव्ही लाइन आणि हाताशी डिफिब्रिलेटर. ॲट्रोपिन भरून ठेवा. पेरिकार्डियमला धक्का लागला की कधी कधी नाडी एकदम मंदावते.

ट्रॉलीवर काय हवं हे सिस्टरांना एकदाच सांगा: क्लोरहेक्सिडिन, ड्रेप, प्रोबचं निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेली, लिग्नोकेन, ११ नंबरचं ब्लेड, १८ गेजची लांब सुई (प्लॅस्टिकचं आवरण असलेली मिळाली तर उत्तम), ०.०३५ इंची जे-टिप वायर, डायलेटर, ६ ते ८ फ्रेंच पिगटेल (टोकाला वळलेली, छिद्रांची नळी), थ्री-वे, १० आणि ५० मिलीच्या सिरिंज, बॅग, सिल्क आणि नमुन्यांच्या बाटल्या. तयार किट नसेल तर सेंट्रल लाइनच्या किटमधली वायर आणि डायलेटर चालून जातात. सुई, वायर आणि पिगटेल एकमेकांत जातात का, हे रुग्णाला टोचण्याआधी ट्रॉलीवर करून बघा. वायर आत गेल्यावर पिगटेल तिच्यावर चढत नाही असं कळण्याची वेळ माझ्यावर एकदा आली होती.

जागा शोधणं

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

तीन खिडक्या बघायच्या: झिफॉइडखाली, स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला आणि ॲपेक्सला. प्रत्येक ठिकाणी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पाण्याचा थर सगळ्यात जाड कुठे आहे? तो प्रोबच्या सगळ्यात जवळ कुठे आहे? आणि वाटेत काय आहे? अल्ट्रासाउंडची एक मेहेरबानी अशी की त्याच्या लहरी हवेतून पार जात नाहीत. त्या खिडकीतून पाणी स्वच्छ दिसतंय याचाच अर्थ मध्ये फुप्फुस नाही. रुग्णाला श्वास घ्यायला-सोडायला लावा. श्वासाबरोबर पांढरा पडदा आत सरकत असेल तर ती जागा सोडा.

ॲपेक्सची जागा बहुधा पाचव्या ते सातव्या बरगड्यांच्या फटीत, ॲपेक्स बीटच्या थोडी बाहेर मिळते. फायदा असा की समोर जाड भिंतीचं डावं व्हेंट्रिकल असतं, चुकून टोचलं तरी बहुधा स्वतःच मिटतं. धोका फुप्फुसाचा. झिफॉइडखालून जाताना वाट लांब पडते, मध्ये लिव्हरचा डावा लोब येतो आणि समोर पातळ भिंतीचं उजवं व्हेंट्रिकल असतं. स्टर्नमच्या कडेला पाणी अगदी जवळ असतं, पण इंटर्नल मॅमरी धमनी स्टर्नमच्या कडेपासून साधारण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर अंतरावरून खाली जाते. तिथून जायचं असेल तर लिनियर प्रोबवर कलर डॉपलर लावून धमनी आधी बघून घ्या आणि सुई पूर्ण लांबीने पडद्यावर ठेवूनच पुढे न्या.

जागा ठरली की पडद्यावर दोन अंतरं मोजा: त्वचेपासून पाण्यापर्यंत आणि त्वचेपासून हृदयाच्या भिंतीपर्यंत. समजा पहिलं ३.५ सेंमी, दुसरं ५.५. मग सुई ४ ते ४.५ सेंमीच्या दरम्यान पाण्यात असली पाहिजे आणि ५ नंतर पुढे जाण्याचं कारण नाही. हे आकडे मोठ्याने म्हणा, म्हणजे सिस्टरांनाही कळतं तुम्ही कुठे थांबणार आहात. त्वचेवर मार्करने खूण करा. आता प्रोबकडे न बघता आपल्या मनगटाकडे बघा. प्रोब कुठल्या बाजूला, किती कलला आहे? सुई नेमकी त्याच कोनात जायची आहे. मी प्रोब उचलतो, डोळे क्षणभर मिटतो आणि हात पुन्हा त्याच कोनात ठेवून बघतो. चित्र पहिल्या झटक्यात आलं तर कोन हातात बसला. नाही आलं तर परत. खूण केल्यावर मात्र रुग्णाला हलवायचं नाही. उशी बदलली तरी पाणी सरकतं आणि मोजमाप नव्याने करावं लागतं.

सुई

२ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलीत २० मिग्रॅ औषध असतं. ५० किलोच्या रुग्णाला ७ मिलीच्या आत राहा. त्वचेला फुगा आणा, मग त्याच कोनात खाली जात बरगडीच्या वरच्या कडेला आणि पेरिकार्डियमपर्यंत भूल द्या. बरगडीच्या खालच्या कडेला नस आणि रक्तवाहिन्या असतात, म्हणून नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घसरत जायचं. भूल देणारी सुई लांबीला पुरली तर तिच्यातच पाणी येतं. वाट बरोबर असल्याची ती पहिली पावती.

मग मोठी सुई. सिरिंजचा दट्ट्या सतत किंचित ओढलेला, दुसऱ्या हाताची बोटं छातीवर टेकवून सुईला धरलेली. प्रोब निर्जंतुक कव्हरमध्ये बाजूला किंवा शेजारच्या खिडकीत ठेवून सुई बघता आली तर बघा. टोक दिसत नसेल तर पुढे ढकलू नका, प्रोब हलवून टोक शोधा. पेरिकार्डियम ओलांडताना बोटांना हलकी चटक लागते, जाड कागद टोचल्यासारखी. पाणी आलं की थांबा. आवरणवाली सुई असेल तर आणखी २-३ मिमी आत जाऊन आवरण पुढे सरकवा आणि लोखंडी सुई बाहेर काढा. टोकदार धातू आत जितका कमी वेळ राहील तितकं बरं.

लाल आलं तर

पिवळसर, गव्हाळ पाणी आलं तर जीव भांड्यात पडतो. पण टीबीत आणि कॅन्सरमध्ये ते कोऱ्या चहासारखं किंवा सरळ रक्तासारखंही येतं. रेसिडेन्सीत एका काकांच्या सिरिंजमध्ये गडद लाल आलं आणि मी सुई ओढून काढणारच होतो. सरांनी हात धरला आणि म्हणाले, "आधी बुडबुडे."

थ्री-वेला दोन सिरिंज लावा. एकीत ९ मिली सलाइन, दुसरीत जेमतेम १ मिली हवा. दहा-बारा वेळा इकडून तिकडे जोरात ढकला, पाणी दुधाळ होईल. सिरिंजमध्ये वेगळी दिसणारी हवा काढून टाका आणि ते सुईतून सोडा, नजर पडद्यावर. हृदयाभोवतीचा काळा थर चांदण्यासारखा चमकला तर सुई जागेवर आहे. बुडबुडे व्हेंट्रिकलच्या आत दिसून ठोक्याबरोबर वाहून गेले तर सुई हृदयात आहे. हळू बाहेर या. कुठेच दिसले नाहीत तरी पुढे जायचं नाही. काकांच्या हृदयाभोवती चांदणं पडलं. पुढे त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला.

वाटीत घेतलेलं रक्त गोठलं नाही म्हणजे पेरिकार्डियमचं, ही जुनी खूण विश्वासाची नाही. ताजा रक्तस्राव गोठतो. सुईला ईसीजीचा चिमटा लावण्याची पद्धतही आता विसरलेली बरी.

वायर, डायलेटर, पिगटेल

सुईतून वायर आणि वायरवरून नळी, ही सेल्डिंगर यांची १९५३ ची युक्ती इथेही तशीच. वायर सहज गेली पाहिजे, अडली तर जोर नको. सुई काढल्यावर लगेच डायलेटर उचलू नका. प्रोब ठेवा आणि वायर निदान दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून पेरिकार्डियममध्ये हृदयाला वळसा घालताना बघा. माझा नियम साधा आहे: वायर दिसली नाही तर डायलेटर नाही. सुईने पडलेलं भोक बहुधा मिटतं, ८ फ्रेंचच्या डायलेटरचं मिटत नाही.

मग ब्लेडने त्वचेला छोटा छेद, डायलेटर फक्त पाण्यापर्यंतच्या अंतराएवढा, आणि वायरवरून पिगटेल. वायरचं मागचं टोक कायम कोणाच्या तरी हातात असलंच पाहिजे. पिगटेलची सगळी छिद्रं आत गेली आहेत ना ते बघा. एखादं बाहेर राहिलं तर पाणी त्वचेखाली किंवा प्लुरामध्ये जातं.

आणि चुकून पिगटेल हृदयाच्या कप्प्यातच गेली तर? ओढून काढू नका. बंद करा, तिथेच राहू द्या आणि कार्डिॲक सर्जनना फोन करा. ती काढल्याबरोबर भोकातून रक्त वाहायला लागतं.

किती काढायचं

पहिल्या ५० मिलीतच बीपी वर येताना दिसतं, रुग्णाचा चेहरा त्याही आधी सांगतो. त्यानंतर घाईचं कारण उरत नाही. एका दमात लिटरपेक्षा कमी काढा, बाकीचं पिगटेलमधून सावकाश. महिनोन्‌महिने दबलेलं हृदय एकदम मोकळं केलं तर काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन किंवा व्हेंट्रिकल कमजोर पडून रुग्ण पुन्हा कोसळू शकतो.

पहिल्याच सिरिंजमधलं पाणी नमुन्यांसाठी बाजूला काढा: पेशी, प्रोटीन, एलडीएच, ग्राम आणि कल्चर, सायटोलॉजी (कॅन्सरच्या पेशींसाठी), आणि टीबीसाठी एडीए, सीबीनॅट. सायटोलॉजीला चांगलं ५० मिली तरी द्या. एडीए ४० च्या वर असेल तर टीबीकडे कल वाढतो, पण सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं धरू नका. या पाण्यात जंतू फार कमी असतात.

पिगटेल टाक्याने बांधा, छातीचा एक्स-रे काढून न्यूमोथोरॅक्स नाही ना बघा, तासाभरात इको पुन्हा करा. पहिले काही तास बीपी, नाडी, ऑक्सिजन जवळून बघायचं. दर ४ ते ६ तासांनी सिरिंजने ओढायचं आणि नळी सलाइनने धुवायची, हे चार्टवर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं नाइट ड्यूटीपर्यंत पोचत नाही, आणि गुठळीने बंद पडलेली नळी "पाणी थांबलं" म्हणून नोंदवली जाते. म्हणून नळीतून काही येईनासं झालं की काढण्याआधी इको हवाच. २४ तासांत २५-३० मिलीपेक्षा कमी आलं आणि इकोवर पाणी उरलेलं नसलं, की टाका कापून पिगटेल सरळ करत हळू बाहेर घ्या, जागा दाबून धरा, पट्टी लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधी प्रोब पुन्हा एकदा छातीवर ठेवा.